संगणकांतील अनाहूत पाहुणे

एकत्र कुटुंबांत एखादी वस्तु बिघडली म्हणजे ती कोणी बिघडविली याची चौकशी आधीं होते, व ती कां बिघडली याची मागाहून. घड्याळ बंद पडो, मिक्सर जळो कीं नळाची तोटी तुटो, प्रथम घरांतील मुलांकडे पाहण्याची आपली रीत आहे. चौतीस वर्षें शाळेंत मुलांमध्यें घालविलेल्या माझ्यासारख्या माणसानें तरी या रीतीस बळी पडूं नये. परंतु गेल्या वर्षीं मी पडलों. आणि त्यांतून जें शिकलों तें इतर कुटुंबांसहि उपयोगी पडेल असें वाटल्यावरून हा लेख लिहीत आहें.

आमच्या माजघराच्या कोपऱ्यांत २०१७ सालीं घेतलेला एक संगणक आहे. यंत्र एक आणि धनी अनेक, असा प्रकार. थोरले चिरंजीव त्यावर आयकराचे हिशेब करतात. धाकटी सून शिकवणीच्या मुलांसाठीं प्रश्नपत्रिका तयार करते. वडील बंधु, ज्यांस आम्ही सारे दादा म्हणतों, ते आपल्या पेन्शनचा जमाखर्च पाहतात. वहिनी रात्रीं कीर्तन ऐकतात. आणि मी अमरकोशावरील माझीं जुनीं टिपणें हळूहळू टंकून ठेवतों. नववींतला नातू शाळेचा अभ्यास त्यावरच करतो, व उरल्या वेळांत अर्थातच खेळहि खेळतो.

२०२५ च्या जूनमध्यें हा संगणक एकाएकीं मंद झाला. बटण दाबून मी संध्या आटोपून यावें, तरी पडद्यावर तें वर्तुळ फिरतच असे. एकदां घड्याळ लावून पाहिलें, तर काम सुरू करण्याजोगा होण्यास त्याला नऊ मिनिटें लागलीं. पुढें आणखी लक्षणें दिसूं लागलीं. शोध घेण्याचें नेहमींचें पान नाहींसें होऊन तेथें भलतेंच पान उघडे. कोपऱ्यांतून जाहिराती डोकावत. आणि ‘तुमच्या संगणकांत शेंकडों दोष सांपडले आहेत, दुरुस्तीसाठीं पैसे भरा’ असें एक चौकट दर घटकेस बजावून सांगे.

नातू आजोळाहून परत आला तो जूनच्या दुसऱ्या आठवड्यांत, आणि संगणकाची तक्रार सुरू झाली तीहि त्याच सुमारास. एवढा पुरावा मला पुरला. रात्रीं पानावर, सर्वांदेखत, मीं त्याला विचारलें, “काय काय भरून ठेवलेंस रे त्यांत?”

“आजोबा, मीं कांहीं केलें नाहीं.”

“मग तो काय आपोआप बिघडला?”

मुलगा खालीं मान घालून जेवला. दुसऱ्या दिवसापासून त्याला संगणकास हात लावण्याची बंदी झाली. शाळेनें दिलेला प्रकल्प त्यानें महिनाभर हातानें लिहिला, चित्रेंहि हातानेंच काढलीं, आणि पुन्हां एका शब्दानें तक्रार केली नाहीं. त्याच्या गप्प राहण्यास मीं अपराधाची कबुली समजलों.

भीतीचा पडदा

बंदी घातली तरी संगणक कांहीं सुधारला नाहीं. जुलैमधील एका संध्याकाळीं दादा पेन्शनचा हिशेब पाहत असतांना सारा पडदा लाल झाला. आंतून भोंग्यासारखा आवाज येऊं लागला, आणि मोठ्या अक्षरांत सूचना आली कीं संगणकांत विषाणु शिरला आहे, तो बंद करूं नका, ताबडतोब या क्रमांकावर फोन करा. दादांचें वय अठ्ठ्याहत्तर. त्यांनीं थरथरत्या हातानें फोन उचललाहि. तेवढ्यांत धाकटी सून स्वयंपाकघरांतून धांवत आली. “मोठे मामंजी, फोन करूं नका!” असें म्हणून तिनें भिंतीवरचें बटणच बंद केलें.

मागाहून तिनें आम्हांस समजावून दिलें तें असें. हा लाल पडदा म्हणजे केवळ एक चित्र होय. इंटरनेटवरील एखाद्या पानास आपल्या यंत्राच्या पोटांत शिरून रोगाचें निदान करतां येत नाहीं. रस्त्यावरून जाणाऱ्या माणसानें दारांतूनच ओरडून ‘तुम्हांस क्षय झाला आहे’ असें सांगावें, इतकीच त्या सूचनेची किंमत. परंतु त्या क्रमांकावर बोलणारा माणूस मात्र खरा असतो. तो अत्यंत आदरानें बोलतो, दुरून यंत्र हाताळतां येईल असा एक प्रोग्रॅम आपणांकडूनच बसवून घेतो, आणि मग आपल्याच डोळ्यांदेखत बँकेचें खातें रिकामें करतो. असे दुरून मदत करण्याचे प्रोग्रॅम मूळचे चांगल्या कामासाठींच केलेले आहेत. पण त्यांचा दुरुपयोग इतका वाढला कीं, २०१९ च्या फेब्रुवारींत रिझर्व्ह बँकेस एनीडेस्कचें नांव घेऊन बँकांना सावध करावें लागलें.

असा पडदा दिसल्यास कंट्रोल, शिफ्ट व एस्केप या तीन कळा एकदम दाबाव्या. टास्क मॅनेजर उघडतो; त्यांत आपला ब्राउझर निवडून ‘एंड टास्क’ करावें. तें न साधल्यास संगणक सरळ बंद करावा. कोणाचे पैसे गेलेच असतील, तर लाजेपोटीं घरांत लपवून न ठेवतां त्याच क्षणीं १९३० या सरकारी क्रमांकावर कळवावें व आपल्या बँकेसहि सांगावें. यांत प्रत्येक मिनिट मोलाचें असतें. चोरीचा पैसा एका खात्यांतून दुसऱ्यांत जाण्यापूर्वीं अडवितां आला तरच तो हातीं लागण्याची आशा.

यंत्राची साक्ष

त्या रात्रीं निजानीज झाल्यावर सून म्हणाली, “मामंजी, रागावणार नसाल तर एक सुचवूं? माणसाला विचारून झालें. आतां यंत्रालाच विचारून पाहूं या.”

तिनें ‘सेटिंग्ज’ उघडून ‘ॲप्स’ या सदरांत संगणकांतील सर्व प्रोग्रॅमांची यादी काढली. ही यादी नांवाच्या अनुक्रमानें लागते, तशीच ती प्रोग्रॅम केव्हां बसविला त्या तारखेच्या क्रमानेंहि लावतां येते. तशी लावतांच, कधीं न ऐकलेलीं पांच नांवें एकाखालीं एक दिसलीं. एक वेग वाढवून देणारा, एक दुकानांतील सवलती सुचविणारा, एक हवामान सांगणारा, एक शोधाचें पान बदलणारा, आणि एक पीडीएफ पानें जोडून देणारा. पांचांचीहि तारीख एकच होती: १४ मे २०२५.

मे महिनाभर नातू नागपुरास मामाकडे होता.

मी रोजनिशी ठेवतों. ती उघडून पाहिली. बुधवार, १४ मे या पानावर माझ्याच अक्षरांत लिहिलें होतें: ‘अमरकोशाच्या प्रतीचीं पानें संगणकावर जोडलीं. बराच वेळ गेला.’

तेव्हां सारें आठवलें. सुटी पानें एकत्र जोडण्यासाठीं मी फुकटचें साधन शोधीत होतों. एका पानावर मोठें हिरवें बटण दिसलें, तें दाबलें. पुढें इंग्रजींत बारीक अक्षरांत पुष्कळ मजकूर आला. तो न वाचतां ‘नेक्स्ट’, पुन्हां ‘नेक्स्ट’, मग ‘आय ॲग्री’ असें दाबीत गेलों. न वाचतां सही करूं नये, असें ज्यानें आयुष्यभर विद्यार्थ्यांस बजावलें, त्यानें ओळीनें पांच करारपत्रांवर अंगठा उठविला होता. मे महिन्यांत घरांतील मंडळी परगांवीं असल्यानें संगणक फारसा कोणी लावीत नव्हतें, म्हणून खोड उघडकीस आली ती जूनमध्यें, मुलगा परतल्यावर. फांदीवर कावळा बसण्यास आणि फळ पडण्यास एकच गांठ पडावी, त्यांतलाच हा प्रकार. काकतालीय न्याय मीं किती वर्गांना शिकविला असेल. स्वतःच्या माजघरांत तो मला ओळखतां आला नाहीं.

पाहुणे येतात कसे

येथें एक गोष्ट वाचकांनीं नीट ध्यानांत घ्यावी. संगणक मंद करणारे सर्वच प्रोग्रॅम चोरवाटेनें येणारे विषाणु नसतात. कित्येक तर पुढच्या दारानें, आपल्या संमतीनें येतात. फुकट साधन देणाऱ्यास त्याच्यासोबत दुसऱ्यांचे प्रोग्रॅम बांधून पाठविल्याबद्दल पैसे मिळतात. ते नाकारण्याची सोय बहुधा असते. पण ती ‘कस्टम’ या नांवाखालीं दडलेली असते, आणि ‘एक्सप्रेस’ म्हटलें कीं आधींच खूण केलेल्या चौकटींसकट सारें आंत येतें. एकदां आंत आले कीं ते संगणक सुरू होतांच स्वतःहि सुरू होतात, स्मृति अडवितात, जाहिराती आणतात. भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी, ही म्हण आमच्यासारख्यांवर रचलेली असली तरी येथें ती तंतोतंत लागू पडते.

नव्या यंत्रांतहि असे पाहुणे असूं शकतात. २०१५ च्या फेब्रुवारींत लेनोवो कंपनीच्या कित्येक लॅपटॉपांत सुपरफिश नांवाचा जाहिराती दाखविणारा प्रोग्रॅम आधींपासूनच भरलेला असल्याचें उघडकीस आलें, व तो काढून टाकण्याचें साधन कंपनीस स्वतः प्रसिद्ध करावें लागलें. तेव्हां ‘आमचा संगणक नवा आहे’ एवढ्यावर निर्धास्त राहूं नये.

सफाईचा क्रम

आमच्या सुनेनें व मीं जो क्रम अनुसरला तो विंडोज १० व ११ या दोन्हींस लागू पडतो.

पहिली गोष्ट, घरांतील छायाचित्रें, हिशेब, लेखन यांची एक प्रत पेन ड्राइव्हवर किंवा वेगळ्या डिस्कवर काढून ठेवावी. घर झाडण्यापूर्वीं दागिन्यांचा डबा उचलून ठेवतात, तसें हें आहे.

दुसरी गोष्ट, वर सांगितलेली यादी तारखेप्रमाणें लावून, जें अनोळखी असेल तें एकेक ‘अनइन्स्टॉल’ करावें. मात्र जें जें आपणांस ठाऊक नाहीं तें तें निरुपयोगी, असें समजूं नये. इंटेल, रिअलटेक अशीं नांवें यंत्राच्या भागांशीं संबंधित असतात. ‘मायक्रोसॉफ्ट व्हिज्युअल सी प्लस प्लस’ हें नांव यादींत पांच-सहा वेळां दिसतें, तरी दुसरे प्रोग्रॅम त्याच्याच आधारावर चालत असल्यानें त्याला हात लावूं नये. शंका आल्यास तें नांव कागदावर लिहून घ्यावें व जाणत्यास विचारावें. काढतांना कित्येक पाहुणे ‘खरोखरच जाऊं का?’ असें चार वेळां विचारतात, व बटणांचीं नांवें उलटसुलट करून फसवितात. तेथें तरी प्रत्येक शब्द वाचावा.

तिसरी गोष्ट ब्राउझरची. त्यांत ‘एक्स्टेन्शन्स’ म्हणून जोडलेलीं उपकरणें असतात. जें आपण जाणून घेतलें नाहीं तें काढून टाकावें. तसेंच ‘नोटिफिकेशन्स’ या सदरांत कोणकोणत्या पानांस सूचना पाठविण्याची परवानगी दिली आहे तें पाहावें. कोपऱ्यांतून डोकावणाऱ्या आमच्या पुष्कळशा जाहिरातींचें मूळ येथेंच सांपडलें. कोणी तरी कधीं तरी ‘अलाऊ’ या शब्दावर बोट ठेवलें होतें. ती परवानगी काढून घेतांच त्या थांबल्या.

चौथी गोष्ट तपासणीची. विंडोजमध्येंच डिफेंडर नांवाचें रक्षक सॉफ्टवेअर असतें. ‘विंडोज सिक्युरिटी’ उघडून ‘फुल स्कॅन’ करावा. तो कित्येक तास चालतो, म्हणून रात्रीं लावावा. आमच्या पांचांपैकीं शोधाचें पान बदलणारा पाहुणा काढून टाकल्यावरहि परत आला. त्याचा बंदोबस्त डिफेंडरच्या ‘ऑफलाइन स्कॅन’नें, म्हणजे संगणक पुन्हां सुरू होऊन विंडोज जागें होण्याआधींच होणाऱ्या तपासणीनें झाला. तेथेंच नको असलेले प्रोग्रॅम अडविण्याचा एक पर्याय आहे, तोहि चालू करून ठेवावा. याखेरीज भारत सरकारनें २०१७ सालीं सुरू केलेल्या सायबर स्वच्छता केंद्राच्या संकेतस्थळावर सफाईचीं साधनें विनामूल्य मिळतात. पुण्यांतील काटकर बंधूंच्या क्विक हीलसारखें विकतचें सॉफ्टवेअर कोणास घ्यावयाचें असेल तर तेंहि घ्यावें. पण दोन रक्षक एकाच वेळीं ठेवूं नयेत. ते एकमेकांवरच पहारा करीत बसतात आणि यंत्र आणखी मंदावतें.

पांचवी गोष्ट, टास्क मॅनेजरमधील ‘स्टार्टअप’ची यादी. संगणक लागतांच आपोआप कोण कोण उठतें तें येथें दिसतें. या ठिकाणीं मला नैयायिकांच्या अन्वय-व्यतिरेकाचा फार उपयोग झाला. अमुक असतां मंदपणा असतो, हा अन्वय. तें नसतां मंदपणाहि नसतो, हा व्यतिरेक. दोन्ही जुळल्याखेरीज कोणालाहि कारण म्हणूं नये. म्हणून एका वेळीं एकच प्रोग्रॅम ‘डिसेबल’ करावा, संगणक पुन्हां सुरू करावा, घड्याळ लावावें, आणि वेळ वहींत मांडावा. एकदम दहा बंद केले तर सुख मिळतें, पण ज्ञान मिळत नाहीं. पुन्हां सुरू करतांना ‘शट डाउन’ न करतां ‘रीस्टार्ट’ करावें. कारण विंडोज लवकर उठावें म्हणून शट डाउनच्या वेळीं आपली कांहीं स्थिति जपून ठेवतें, रीस्टार्टमध्यें मात्र सर्व नव्यानें मांडतें.

सहावी गोष्ट, डिस्क अगदीं भरून गेली असल्यास ‘स्टोरेज’ या सदरांतून तात्पुरत्या फायली काढाव्या. तेथें ‘डाउनलोड्स’ या शब्दापुढें खूण असल्यास ती आधीं पुसावी, नाहीं तर आपण उतरवून घेतलेले कागदपत्रहि कचऱ्यासोबत जातील.

आणि न करण्याची एक गोष्ट. वेग वाढवून देतों, रजिस्ट्री साफ करतों, असें म्हणणारे प्रोग्रॅम घेऊं नयेत. रजिस्ट्री साफ करणाऱ्या साधनांस स्वतः मायक्रोसॉफ्टचाच पाठिंबा नाहीं. आमच्या पांच पाहुण्यांत सर्वांत जड तोच होता, जो वेग देणार म्हणून आला होता.

वार्धक्याचा भाग

या सफाईनें आमचीं नऊ मिनिटें तीनांवर आलीं. उरलेलीं तीन कोणा पाहुण्याचीं नव्हतीं, तीं वयाचीं होतीं. जुन्या संगणकांत माहिती फिरत्या तबकडीवर असते. ती मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेते, व तिच्यावरील सुई प्रत्येक गोष्टीसाठीं जागा बदलीत राहते. एसएसडी नांवाच्या नव्या डिस्कमध्यें फिरणारा भागच नसतो. दिवाळींत ती बसवून घेतली, व चार जीबीची स्मृति आठ जीबी केली. आतां संगणक मिनिटाच्या आंत उठतो. प्रथम सफाई व मग खर्च, हाच क्रम योग्य. नाहीं तर नव्या घरांतहि तेच पाहुणे आधीं येऊन बसावयाचे.

विंडोज १० चा नेहमींचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपला, हेंहि जुनें यंत्र वापरणाऱ्यांनीं विसरूं नये. घरगुती ग्राहकांस नोंदणी करून १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळण्याची सवलत कंपनीनें देऊं केली. आमचें यंत्र विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीं, तेव्हां त्याच्यावर बँकेचें काम करावयाचें नाहीं असें आम्हीं ठरविलें आहे.

कोठीची किल्ली

शेवटीं घराच्या व्यवस्थेविषयीं. पूर्वीं आमचा सारा संसार एकाच नांवानें संगणकांत शिरे, व ज्याला वाटेल तो वाटेल तें बसवी. आतां प्रत्येकाचें साधें खातें वेगळें केलें आहे. ‘ॲडमिनिस्ट्रेटर’चा परवलीचा शब्द मात्र एकट्या वहिनींपाशीं आहे. कोठीची किल्ली पन्नास वर्षें ज्यांनीं सांभाळली त्यांच्याहून योग्य कोण? यंत्रांत नवें कांहीं बसवावयाचें तर त्या शांतपणें विचारतात, “काय आहे? कशाला हवें? कोणी दिलें?” या तीन प्रश्नांची उत्तरें देतां देतांच निम्मी मंडळी परत फिरतात. परवां मीहि फिरलों.

आतां राहिली नातवाची गोष्ट. आरोप मीं सर्वांदेखत केला होता. म्हणून क्षमाहि एकांतांत मागून भागणार नव्हतें. दुसऱ्या दिवशीं रात्रीं पानें वाढलीं गेलीं तेव्हां मीं रोजनिशी घेऊन आलों, १४ मे चें पान मोठ्यानें वाचून दाखविलें, आणि म्हणालों, “बाळ, संगणक मीं बिघडविला, आणि शिक्षा तूं भोगलीस. माझें चुकलें.”

सारें घर स्तब्ध झालें. मुलगा थोडा वेळ भाताशीं खेळत राहिला. मग म्हणाला, “आजोबा, मला ठाऊक होतें कीं मीं केलें नाहीं. पण कोणी केलें तें मला ठाऊक नव्हतें, म्हणून मी बोललों नाहीं.”

पुराव्यावांचून दुसऱ्याचें नांव घ्यावयाचें नाहीं, एवढा विवेक चौदा वर्षांच्या मुलाजवळ होता, आणि सदुसष्टाव्या वर्षीं माझ्याजवळ नव्हता. त्या रात्रीं मला फार वेळ झोंप लागली नाहीं. वर्गांत खडू कोणी फेंकला, शाई कोणी सांडली, याचे किती तरी निकाल मीं उभ्या उभ्या दिले असतील. त्यांतील कितींची तारीख तपासली होती? तीं मुलें आतां आजोबा होण्याच्या वयाचीं झालीं आहेत, आणि तेथें पाहावयास यादीहि उरलेली नाहीं.

संगणकाची यादी मात्र आम्ही दर महिन्याच्या पहिल्या रविवारीं पाहतों. ती नातू वाचतो व मी वहींत लिहून घेतों.